बंद टबाची बडदास्त

न्यू जर्सीतलं हे घर दाखवताना एजंटने सगळ्यात शेवटी, पुरणपोळीवर तूप सोडावं तसा, मागच्या अंगणातला हॉट टब दाखवला. सहा जण बसतील एवढा, आत पायऱ्या, पाठीला शेक द्यायला जेट. आधीचा मालक तो इथेच ठेवून गेला, यातच सगळं आलं.

टब वापरायची रीत अशी, की आधी अंगावरचं तेल-साबण धुऊन आंघोळ करायची, मग टबात उतरायचं आणि बाहेर आल्यावर पुन्हा आंघोळ. आमच्याकडे रोजच्या एका आंघोळीसाठी मुलाच्या मागे लागावं लागतं, तिथे दोन कोण करणार? शिवाय कुंपणापलीकडचे आजोबा हात हलवून ‘हाय’ म्हणणार. त्यांच्याशी पोहण्याच्या कपड्यांत हवापाण्याच्या गप्पा मारायचे संस्कार आमच्यावर झालेले नाहीत. पंधराशे लिटर पाणी रात्रंदिवस चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापवत ठेवल्याचं वीजबिल आलं आणि नवऱ्याने न बोलता ब्रेकर पाडला.

आता सुटलो, असं त्याला वाटलं. टब चालू असतो तेव्हा आपलं आपण बघतो. पंप पाणी फिरवतो, फिल्टर गाळतो. तो बंद केला की ही सगळी कामं घरातल्या बाईकडे येतात. क्लोरीनची पूड टाकायची, पण पाणी हलत नसल्यामुळे ती तळाशी बसते आणि तिथलाच रंग उडवते. म्हणून काठीने ढवळायचं. मग पट्टी बुडवायची. क्लोरीन दर दहा लाखांत किमान तीन भाग हवं, पीएच ७.२ ते ७.८ हवा. पट्टीचे रंग डबीवरच्या रंगांशी जुळवताना मला दर वेळी साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस शोधल्याचा भास होतो, आणि तेवढंच यश येतं.

डोळ्यांना दिसतं ते सोपं असतं. पाण्याच्या रेघेवर धरलेला बुळबुळीत थर फडक्याने निघतो. खरी वस्ती आतल्या पाइपांत असते, तिथे हात पोचत नाही. अशा पाण्यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू पोसला गेला, तर अंगावर पुरळ उठतं, आणि नेमकं पोहण्याच्या कपड्यांखाली जास्त उठतं. दुसरा लेजिओनेला. १९७६ मध्ये इथून जवळच फिलाडेल्फियात एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, तिथे न्यूमोनियाची साथ आली आणि हा जिवाणू जगाला ठाऊक झाला. तेव्हा संशय हॉटेलच्या एसी यंत्रणेवर होता. पण या जिवाणूला कोमट, थांबलेलं पाणी कुठलंही चालतं. तुषार उडाले की तो श्वासावाटे आत. बंद टब कधीतरी ‘जरा चालू करून बघू’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी हे सगळं सांगते. पाहुणे चहावर समाधान मानतात.

हे टबाचं प्रकरण सुरू झालं ते मात्र भल्या कारणाने. कॅलिफोर्नियातले जकुझी बंधू आधी विमानांचे पंखे बनवायचे, मग शेतीचे पंप. त्यांतल्या कँडिडोच्या लहान मुलाला संधिवात होता. त्याच्यासाठी घरच्या बाथटबमध्ये सोडता येईल असा छोटा पंप त्याने करवून घेतला, आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. म्हणजे मुळात हा शेतीपंपाचाच भाऊबंद. बंद पडलेल्या पंपाचं काय करायचं, हे आमच्याकडे आईइतकं कोणाला कळत नाही.

आई लातूरची. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लागलं होतं. पाच माणसं पाण्यापाशी जमायची नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ती उन्हाळ्यात आमच्याकडे आली, आणि पाहते तर सहा माणसांनी मिळून पाण्यात बसायची सोय, आणि बसायला एक नाही. फोमचं झाकण पाणी पिऊन जड झालेलं. ते तिने माझ्याकडून उचलवलं.

“किती आहे गं?”

“पंधराशे लिटर.”

“पिता येतं?”

“छे!”

“धुण्याला?”

“नाही गं. क्लोरीन आहे त्यात.”

“मग ठेवलंय कशाला?”

“स्वच्छ ठेवायला.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी काठी खाली ठेवली.

तिचा निकाल झटपट होता: कोरडा दिवस पाळ. आठवड्यातून एकदा पिंपं-टाक्या उपसून, घासून, वाळवून ठेवायच्या, म्हणजे डासांची अंडी खरवडून निघतात आणि अळ्या मरतात. झाकणाला फट असेल तर या टबातही आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. टब दीर्घकाळ बंद ठेवायचा तर पूर्ण रिकामा करावा, हे माहितीपत्रकही सांगतं. पण ते वाचलं कोणी? निकाल दिला आणि पाणी सोडायची वेळ आली तेव्हा आईचाच पाय निघेना. शेवटी क्लोरीन टाकणं थांबवलं, झाकण काढून टब उन्हात ठेवला. पट्टी पांढरी राहिल्यावर नळी लावली. आई नळी घेऊन हायड्रेंजियापासून कुंपणापर्यंत प्रत्येक झाडापाशी गेली. शेजारच्या आजोबांच्या झाडालाही मिळालं, आणि तिने त्यांना मराठीत सांगितलं की फुकट आहे.

टब रिकामा दिसला तरी रिकामा नसतो. पाइपांत पाणी उरतं, थंडीत ते गोठून फुगतं आणि पाइप फोडतं. नवऱ्याने ओला व्हॅक्यूम उलटा लावून एकेका जेटमधून हवा मारली. टब बराच वेळ खाकरत होता. साबण लावायचा नाही, पुढच्या वेळी फेस होतो. म्हणून व्हिनेगरचं पाणी. फिल्टर धुऊन वाळत घातला.

इतक्यात गणपती आले. मंडळातल्या मंडळींचा फोन: “तुमच्याकडे टब आहे ना? विसर्जन तिथेच करू.” शाडू जेटमध्ये बसल्यावर तो काढणार कोण, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. आईने तोडगा काढला. कोरड्या टबाच्या मधोमध बादली, बादलीत बाप्पा, आणि सहाही आसनांवर आरती म्हणायला माणसं. घर घेतल्यापासून टब पहिल्यांदाच भरला. सगळे म्हणाले, टब छान आहे हं, वापरत जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टूथपिक घेऊन आत बसले होते. खिरापतीतलं खोबरं जेटच्या भोकांत गेलं होतं आणि मुंग्यांना पत्ता लागला होता. कुंपणापलीकडून आजोबांनी हात हलवला. मीही हलवला. कपडे पूर्ण होते.