काखेत कळसा, नरिमन पॉइंटला वळसा

नवा कंपनी कायदा २०१३ साली आला आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांना हुकूम सुटला की संचालक मंडळावर एक तरी बाई हवीच. सेबीने आधी १ ऑक्टोबर २०१४ची मुदत दिली, मग ती १ एप्रिल २०१५पर्यंत वाढवली. चेअरमन लोक हवालदिल. एवढ्या मोठ्या देशात लायक बाई शोधायची कुठे?

गंमत बघा. तेव्हा स्टेट बँक अरुंधती भट्टाचार्य चालवत होत्या, आयसीआयसीआय चंदा कोचर आणि अ‍ॅक्सिस शिखा शर्मा. तिन्ही बँकांची मुख्यालयं मुंबईतच. म्हणजे टाय सावरत कर्ज मागायला जायचं ते बाईंच्या बँकेत, आणि परत येऊन म्हणायचं, बायका मिळत नाहीत हो!

शेवटी बाई सापडली, ती घरातच. कुणाची पत्नी, कुणाची कन्या, कुणाच्या मातोश्री. मुदत चुकवणाऱ्यांत सरकारी कंपन्याही होत्या. कायदा केला बापाने आणि गृहपाठ राहिला पोरांचा. दंडाची सुरुवात पन्नास हजारांपासून. तेवढ्यात बोर्डाचं जेवणसुद्धा होत नाही.

अशाच एका (काल्पनिक, उगाच नोटीस नको) कंपनीचे सेक्रेटरी मार्चअखेरीस मालकांच्या बंगल्यावर गेले.

"वहिनी, इथे सही. आणि इथे."

"कसली हो?"

"आपण संचालक झालात."

"अगंबाई! यांना माहितेय का?"

बायोडेटा लिहिताना सेक्रेटरींना कळलं की वहिनी लग्नाआधी सीए झाल्या होत्या. मालकांनाही ते नव्याने आठवलं.

गावातल्या सरपंचपतींना आपण फार हसतो. बाई निवडून येते, नवरा खुर्चीत बसतो, शिक्का त्याच्या खिशात. महाराष्ट्राने २०११ साली पंचायतींत बायकांना निम्म्या जागा दिल्या तेव्हाही शहरी मंडळी हसलीच. तिकडे निदान बाईला मतं तरी मागावी लागतात. नरिमन पॉइंटला त्याचीही गरज पडली नाही.

पण वहिनींनी एक घोळ केला. अजेंडा वाचून आल्या. पान अकरावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही साडेचार कोटींची उधारी तीन वर्षं तशीच दिसतेय. वसूल का होत नाही?" उधारी मालकांच्या साडूंची होती. बोर्डरूममध्ये सगळ्यांना एकदम ढोकळा घ्यावासा वाटला. पुढच्या बैठकीत वहिनींना सन्मानाने सीएसआर समितीवर पाठवण्यात आलं. शाळांना बाकं वाटा, झाडं लावा, फोटो काढा. वार्षिक अहवालात त्या मधोमध उभ्या आहेत, पैठणीत. मागे नऊ सूट.

मग सेबीने नेमलेली कोटक समिती आली. तिच्या शिफारशींवरून सेबीने म्हटलं, नात्यातली चालणार नाही, बाई स्वतंत्र संचालक हवी. १ एप्रिल २०१९पासून पहिल्या पाचशे कंपन्यांना, वर्षभराने पहिल्या हजारांना. आमची कंपनी त्या हजारांत. पुन्हा शोध. अनुभवी हव्यात, नामवंत हव्यात, स्वभावाने शांत असल्यास प्राधान्य.

एक मिळाल्या. बँकेतून निवृत्त, बोलणं मृदू. पहिल्याच बैठकीत त्यांनी चष्मा पुसला आणि जुनी इतिवृत्तं मागवली. चेअरमनसाहेब सेक्रेटरींकडे झुकले.

"यांची मुदत किती?"

"पाच वर्षं, साहेब. पुढे आणखी पाच देता येतात."


"पान अकरा," मॅडम म्हणाल्या.