घरपोच अटक

सुरतेत लिंबायत, उधना, दिंडोलीच्या मराठी वस्तीत हल्ली 'डिजिटल अरेस्ट'ची नाहक बदनामी चालली आहे. वास्तविक इतकी तत्पर नागरी सेवा दुसरी नाही. मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला चौकीत जावे, तर साहेब जेवायला गेलेले. इथे कस्टम्स, सीबीआय आणि न्यायमूर्ती एकाच व्हिडिओ कॉलवर हजर, तेही वेळेवर! गणवेशाला कडक इस्त्री, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. जामीनही तिथल्या तिथे, फक्त रक्कम आधी भरायची.

घरच्या संगणकाचीही अशीच काळजी घेतली जाते. पडद्यावर लाल चौकट उगवते, भोंगा वाजतो, 'पाच व्हायरस सापडले', खाली फोन नंबर. पलीकडचा सद्गृहस्थ एक ॲप उतरवायला लावून संगणकाचा ताबाच घेतो. व्हायरस जातो की नाही कळत नाही, शिल्लक नक्की जाते. २०२३च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरसह पहिल्या आलेल्या शहरात खातीही तितकीच लख्ख झाली, तर बिघडले कुठे? शिवाय स्थानिक तरुणांना खाते भाड्याने देण्याचा जोडधंदा मिळाला. महापालिकेने आता घरपट्टीही याच मंडळींकडून वसूल करून घ्यावी. एकही थकबाकीदार उरणार नाही.

तेव्हा कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची तरतूदच नाही, असला क्षुद्र मुद्दा कुणी काढू नये. आणि पैसे गेल्यावर लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक तर मुळीच लावू नये. रक्कम वाटेतच गोठवली गेली, तर या कष्टाळू माणसांनी खायचे काय?