नॉर्मल रिपोर्टची नामुष्की

आजारी माणसाला समाजात मान हवा असेल, तर त्याच्याकडे आकडा पाहिजे. शुगर ३००, बीपी १८० असं काही सांगता आलं की समोरचा "अरे बापरे" म्हणत खुर्ची पुढे करतो. माझ्याकडे आहेत ते सगळे नॉर्मल रिपोर्ट. रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. जिच्यासाठी ते खारट औषध पिऊन रात्र संडासात काढली, ती कोलोनोस्कोपीसुद्धा नॉर्मल. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएसचा खाक्याच असा. मुरडा खरा, धावपळ खरी. पण दुर्बीण घालून पाहावं तर आतडं गुलाबी आणि निरागस.

डॉक्टरांनी विचारलं, "वजन उतरलंय? शौचावाटे रक्त? रात्री झोपेतून उठावं लागतं?" मी नाही-नाही म्हणत गेलो, तसतसे ते खुलत गेले. मग त्यांनी २०१६चे 'रोम' निकष काढले. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोट दुखायला हवं; शिवाय शौचाला जाणं, त्याच्या खेपा आणि त्याचं रूप, यांतल्या किमान दोन गोष्टींशी त्या दुखण्याचा संबंध हवा. मी फर्स्ट क्लासात पास. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालतं आणि या आजारात ते फार हळवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी ते सांगितलं. मावशीने निकाल दिला, "म्हणजे काहीच झालेलं नाही!"

मराठी घरात पोट ही सार्वजनिक मालमत्ता असते. मावशीने ताक सुरू केलं, शेजारच्या काकांनी पहाटे तांब्याभर कोमट पाणी आणि सासूबाईंनी सुंठ. डॉक्टरांनी इसबगोल दिलं, पण त्याची पुडी मेडिकलमध्ये मिळते म्हटल्यावर त्याला कोण विचारतो? वर त्यांनी काही आठवड्यांपुरतं वर्ज्य पदार्थांचं पानही दिलं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने ही पद्धत बसवली म्हणे. पण यादी वाचून वाटलं, कोणीतरी आमच्याच फडताळात डोकावून गेलंय. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, फ्लॉवर आणि ऐन मे महिन्यात आंबा! यांतली साखरेची गोत्रं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, मोठ्यात जाऊन आंबतात, वायू धरतात. वायूपर्यंत मावशीचं आणि मोनॅशचं एकमत आहे.

कांदा-लसूण सोडल्याने एक फायदा झाला. लग्नाच्या पंगतीत पोटाचं कारण सांगितलं तर लोक आग्रह वाढवतात. "व्रत पाळतो" म्हटलं की हात जोडतात. घरी बायकोने तोड काढली. लसणातला त्रासदायक भाग पाण्यात उतरतो, तेलात नाही. म्हणून ती पाकळ्या तेलात लाल करते, झाऱ्याने एकेक वेचून काढते आणि त्या तेलात माझ्या आमटीला हिंग-मोहरी पडते. वेचलेल्या कुरकुरीत पाकळ्या ती माझ्यासमोर बसून भाकरीबरोबर खाते. औषधाला इतकी क्रूर बाजू असते, हे पत्रकात छापत नाहीत.

प्रवासाचं शास्त्रही बदललं. जग फास्ट लोकलमागे धावतं, मी स्लोची वाट पाहतो. लोकलला संडास नसतो, पण स्लोला दर काही मिनिटांनी स्टेशन असतं आणि स्टेशन म्हणजे आशा. कुठला संडास कुठल्या टोकाला, कुठल्याला कुलूप, कुठे सुट्टे पैसे लागतात, हे मला पाठ आहे. चहा घरातून निघण्याच्या तासभर आधी घेतो; कारण पोटात काही पडलं की मोठं आतडं आपोआप हालचालीला लागतं आणि साहेबांची मीटिंग असली तर दुप्पट उत्साहाने.

हळूहळू एकेक पदार्थ परत घेऊन पाहिला. दोन पोळ्या चालतात, कांदा अजिबात नाही, आंब्याची फोड मूड पाहून. मुरडा आता क्वचित येतो. मावशी सगळ्यांना सांगते, "माझ्या ताकाचा गुण!" ते ताक मी गुपचूप कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत आलोय आणि कढीपत्ता खरोखरच जोमात आहे. काका कोमट पाण्याचं श्रेय घेतात, सासूबाई सुंठेचं. मी तिघांनाही हो म्हणतो. डॉक्टरांच्या यादीत नसला तरी वाद मला मुळीच पचत नाही.