गाडीतून सर केलेलं शिखर

१,६४६ मीटर उंचीची कळसूबाई तशी हट्टी. लोखंडी शिड्या चढायला लावते, घाम काढते. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट समंजस. उंची १,४३९ मीटर, गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत. पहाटे कानटोप्या चढवून अख्खं खानदान सूर्याची वाट बघतं, म्हणजे पूर्वेकडे पाठ करून, मोबाइल उंच धरून. सूर्य बिचारा वेळेवर येतो. थर्मासमधला चहा कपात ओतता ओतता काकू विचारतात, "झालं का उगवून?" काका क्षितिजाऐवजी गाडीकडे बघत असतात, मागच्याने आडवी लावलीय. पावसाळ्यात धुक्यापलीकडे काही दिसत नाही, तरी गर्दी असतेच (धुक्याचाही फोटो निघतो). मग सगळे घाईने हॉटेलात. नाश्ता पॅकेजमध्ये आहे ना!