दिगंबर खासनिसांचे सेवापुस्तक

विज्ञानकथेच्या नायकाला पोट असते पण पोटाची चिंता नसते, हे माझे जुने निरीक्षण आहे. आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो खुशाल संचार करतो, त्याचा प्रवासभत्ता कोण मंजूर करतो हे वाचकास अखेरपर्यंत कळत नाही, आणि परग्रहावरील एखाद्या जुलमी सम्राटाचे पारिपत्य करून तो स्वगृही परततो तेव्हा गैरहजेरीच्या काळाबद्दल त्याच्याकडून लेखी खुलासा मागविला गेल्याचेही ऐकिवात नाही. महसूल खात्यात इतरांची सेवापुस्तके लिहिता लिहिता ज्याचे केस पांढरे झाले, अशा माझ्यासारख्या माणसाला हा नायक आवडत नाही असे नव्हे. त्याच्यावर विश्वास तेवढा बसत नाही. त्यामुळे माझ्या भाच्याने, “मामा, आमच्या खेळात एक माणूस कमी पडतोय, तुम्ही एक पात्र तयार करा, फक्त ते खरं वाटलं पाहिजे,” अशी गळ घातली, तेव्हा या कामी सरकारने मला उभी हयात प्रशिक्षण दिले आहे, अशी माझी मनोमन खात्री पटली.

खेळ अमेरिकेतला. ‘ट्रॅव्हलर’ हे त्याचे नाव. मार्क मिलर नावाच्या गृहस्थांनी तो रचला आणि १९७७ साली काळ्या वेष्टनाच्या तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने तो प्रसिद्ध झाला. चारपाच मंडळी एकत्र बसतात, प्रत्येकजण एका पात्राचे वकीलपत्र घेतो, उरलेल्या विश्वाचा सारा कारभार रेफरी नामक एकाच इसमाकडे (आमच्याकडे अर्थातच भाच्याकडे) असतो, आणि सर्वांनी मिळून जी कथा बोलत बोलत रचावयाची तिचा शेवट त्यांच्यापैकी कोणासही ठाऊक नसतो. अशा कथेत पात्र मनास येईल तसे निर्मावयाची सोय नाही. दोन फासे टाकून बल, चापल्य, सहनशक्ती, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा असे सहा आकडे क्रमाने मिळतात आणि जे पदरी पडेल ते पवित्र मानावयाचे असते. समतेचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या अमेरिकेने माणसाच्या प्रतिष्ठेचा आकडा त्याच्या कपाळी लिहून ठेवावा याचे मला क्षणभर नवल वाटले. परंतु महसूल खात्यात राहिलेल्या माणसाने फार वेळ नवल करीत बसू नये.

पुढील प्रकरणाने मात्र मी त्या पुस्तिकांच्या पुरता आधीन झालो. पात्र अठरा वर्षांचे झाले की त्याने नोकरीसाठी अर्ज करावयाचा. नौदल, मरीन, भूदल, स्काउट, व्यापारी जहाजे आणि ‘इतर’ अशी सहा खाती. अर्ज नामंजूर झाल्यास सक्तीची भरती. नोकरीची एक मुदत चार वर्षांची. प्रत्येक मुदतीत आधी जिवंत राहिलो काय ते पाहावयाचे, मग हुद्दा मिळाला काय, बढती मिळाली काय, कोणते कसब अंगी आले, आणि शेवटी खाते आपणांस पुन्हा ठेवून घेण्यास राजी आहे काय याचा फासा. चौतिसाव्या वर्षापासून वार्धक्याचा अंमल सुरू होऊन बल आणि चापल्य यांची वजावट होऊ लागते. आणि पाच मुदती पुऱ्या केल्यास सालीना चार हजार क्रेडिट निवृत्तिवेतन! ते वाक्य मी दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले, आणि मिलरसाहेबांविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो अद्यापि टिकून आहे.

खरी मौज अशी की हे सारे सेवापुस्तक खेळ सुरू होण्यापूर्वी लिहावयाचे असते, आणि जिवंत राहण्याचा फासा उलटा पडला तर पात्र खेळ सुरू होण्याच्या आतच दिवंगत होते. स्काउट खात्यात तर सात किंवा अधिक पडावे लागतात. म्हणजे सहनशक्ती विशेष नसेल तर छत्तीस शक्यतांपैकी पंधरा थेट स्मशानाकडे नेतात. आमच्या शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांना हा तपशील आगाऊ सांगितला होता, पण प्रतिभावंत माणसे परिशिष्टे वाचीत नाहीत. त्यांनी फासे हाती घेण्यापूर्वीच आपल्या पात्राचे सविस्तर चरित्र लिहून आणले होते. पात्र एका लयास गेलेल्या तारकासाम्राज्याचा पदच्युत राजपुत्र असून खड्गविद्या, विमानविद्या, परचित्तज्ञान आणि काव्य यांत निष्णात होते. त्याचे नेत्र जांभळे होते. त्याच्या मातेचा वध झाला होता, पण तो कोणी केला हे तिसऱ्या खंडात उघड व्हावयाचे होते. हा राजपुत्र स्काउट खात्यात रुजू झाला आणि पहिल्याच मुदतीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आत, अज्ञात ग्रहाच्या पाहणीवर असताना वारला. प्राध्यापकांनी पुढच्या बैठकीस त्याचा मृत्युलेख आणला. निःपक्षपातीपणे सांगावयाचे तर तो चरित्राहून पुष्कळच सरस होता, कारण त्यात राजपुत्राला प्रथमच एक गोष्ट जमली नव्हती.

प्राध्यापकांच्या या व्याधीचे निदान अमेरिकेत फार पूर्वीच झाले आहे. ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रमालिका लोकप्रिय झाल्यावर तिच्या भक्तांनी स्वतःच्या कथा लिहिण्याचा सपाटा लावला आणि त्यांतून सर्वगुणसंपन्न तरुणींचे असे पीक आले की १९७३ साली पॉला स्मिथ या बाईंनी एक इवलेसे विडंबन लिहून मेरी सू नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट जन्मास घातली. तेव्हापासून ज्या पात्राला सारे काही येते त्यास मेरी सू म्हणण्याचा प्रघात पडला. एकट्याने लिहावयाच्या कादंबरीत अशी व्यक्ती फार तर वाचकाला छळते. चौघांनी मिळून रचावयाच्या कथेत ती उरलेल्या तिघांना बेकार करते. ज्याला कोणाचेच काही देणे नाही, कशाचीच भीती नाही आणि ज्याच्यावर वरिष्ठही नाही, त्याच्याशी दुसऱ्याने बोलावे तरी कोणत्या निमित्ताने? पात्राच्या अंगी जितकी उणीव, तितकी दुसऱ्याला आत शिरावयास वाट, असे माझे मत आहे आणि ते मी भाच्यास लेखी दिले आहे.

वास्तविक खऱ्या वाटणाऱ्या पात्राचा उत्तम दाखला आपल्याकडेच आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पारितोषिकास पात्र ठरली. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर, हे मागाहून उघडकीस आले. आपल्या कीर्तीची छाया परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून हा गृहस्थ निर्माण केला आणि हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. मराठी विज्ञानसाहित्यातील सर्वांत विश्वसनीय पात्र कोणत्याही कथेच्या पोटात नसून त्या कथेच्या माथ्यावर होते, असे मी म्हणतो. जगतापांना जांभळे नेत्र असते, तर परीक्षकांनी खास चौकशी केली असती.

तेव्हा माझा दिगंबर खासनीस. बल पाच, चापल्य सहा, सहनशक्ती सात, बुद्धी आठ, शिक्षण नऊ, प्रतिष्ठा सात. नाव बदलून ‘झॉर्गन’ ठेवावे असा भाच्याचा आग्रह होता, तो फेटाळण्यात आला. खासनीस व्यापारी जहाजांवर लागले, रडतखडत सेकंड ऑफिसर झाले, चौतिसाव्या वर्षी त्यांचे बल एकाने घटले, आणि तेथे नोकरी सोडून साहसास निघावे असा सर्वांचा तगादा सुरू झाला. निवृत्तिवेतनास अवघी एक मुदत बाकी असताना कोणता शहाणा माणूस साहसास निघेल? आकाशगंगा चार वर्षे खोळंबली. पाचवी मुदत पुरी करून, अडतिसाव्या वर्षी, ‘ॲडमिन’ हे कसब पदरी बांधून खासनीस सन्मानाने बाहेर पडले. होय, या खेळात कचेरीतून कागद पुढे सरकविण्याची हातोटी हे बंदूक चालविण्याच्या बरोबरीचे कसब गणले आहे. लाच देण्याचे कसब निराळे, कारण मिलरसाहेबांना व्यवहाराची जाण आहे.

धाकट्या भाचीच्या वाट्याला दोनशे टनी व्यापारी जहाज आले आणि ती कॅप्टन झाली. जहाज म्हटले की तुम्हांआम्हांस शिडे आणि स्वातंत्र्य आठवते. नियमपुस्तकास दरमहा जहाजाच्या किमतीचा दोनशेचाळिसावा हिस्सा, असे चारशेऐंशी हप्ते आठवतात. चाळीस वर्षांची ही फेड पाहून भाचीच्या पात्राला जो आवाज फुटला, तो चरित्राची शंभर पाने लिहूनही फुटला नसता. खासनिसांकडे तिने वहीखाते सोपविले आणि त्या दोघांची हप्त्यावरून जी पहिली बोलाचाली झाली ती इतकी अस्सल होती की स्वयंपाकघरातून माझी बहीण कोणाचे काय बिनसले म्हणून पाहावयास आली.

प्राध्यापकांनी दरम्यान ‘इतर’ खात्यातून एक नवा इसम जगवून आणला होता. प्रतिष्ठेचा आकडा बारा पडल्याने नियमाप्रमाणे तो बॅरन होता. खिशात जवळजवळ काही नव्हते. पहिल्याच बंदरात जकात कचेरीपुढे उभे राहून त्याने गर्जना केली, “मी माझ्या ग्रहावरून हद्दपार झालेला बॅरन आहे!”

“हद्दपारीचा हुकूम दाखवा,” भाचा जकात कारकुनाच्या आवाजात म्हणाला.

आता या विश्वात जहाजाहून वेगाने कोणताही निरोप जात नाही आणि एका तारकेपासून दुसरीपर्यंतच्या उडीला अंतर कितीही असो, सुमारे एक आठवडा लागतो. म्हणजे हुकूम मागच्या टपालजहाजात होता आणि तो येईतो बॅरनसाहेब कायद्याने हद्दपारही नव्हते. प्राध्यापकांनी तलवारीस हात घातला. मी त्यांना डोळ्यांनी खुणावले आणि खासनिसांकरवी तात्पुरत्या हद्दपारीच्या दाखल्यासाठी अर्ज पुढे केला: हुकूम पोहोचताच हजर करण्याच्या अटीवर, जामीन म्हणून स्वतः खासनीस. ॲडमिनचा फासा नऊ पडला. भाच्याने शिक्का मारला. बॅरन गप्प उभा राहिला आणि मग, कोणी न सांगता, त्याने खासनिसांना विचारले, “आपण जामीन राहिलात, पण मी पळून गेलो तर?” त्या रात्री प्राध्यापकांनी उच्चारलेले हे पहिले वाक्य असे होते की ज्यास कोणी उत्तर देऊ शकत होते.

पुढच्या प्रवासास बॅरनजवळ नीट तिकिटाचे पैसे नव्हते, म्हणून त्याने हलक्या दराची शीतनिद्रा पत्करली. त्यात प्रवाशाला गोठवून नेतात आणि मुक्कामी पाच किंवा अधिक पडले तर तो जागा होतो. जहाजावर निष्णात वैद्य असल्यास पारडे किंचित झुकते, आमच्या जहाजावर तो नव्हता. अशा प्रवाशांपैकी किती जगतील यावर त्यांच्यातच लॉटरी लावण्याची त्या विश्वात रीत असून, अचूक भाकीत करणाराच न उठल्यास रक्कम कॅप्टनकडे जमा होते. भाचीची नजर चारशेऐंशी हप्त्यांवर होती. प्राध्यापकांनी फासे उचलले, पुन्हा खाली ठेवले, आणि गोठण्यापूर्वी बॅरनला लॉटरीच्या पैशांची पावती हवी आहे असे जाहीर केले. खासनिसांनी रक्कम अनामत खाती जमा दाखवून पावती दिली आणि स्थळप्रतीवर त्याची सही घेतली.