यवतमाळची दुसरी शकुंतला

यवतमाळात ‘शकुंतला’ म्हटलं की दुष्यंत कोणाला आठवत नाही. आठवते ती मूर्तिजापूरची गाडी. किलिक निक्सन कंपनीची, अरुंद रुळांवरची, 113 किलोमीटर डुलत जाणारी. त्यामुळे ताईंच्या ‘शाकुंतल’चा बोर्ड चौकात लागला तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे, “रात्री नऊले कोणती शकुंतला सुटते जी? का नेहमीसारखी लेट?” पडदा उघडला साडेदहाला. ताईंच्या मते त्या नाटकाचा खरा समीक्षक तो म्हातारा.

अशा ताई जिल्ह्याच्या प्रत्येक गावात एक तरी असतात. शाळेतून निवृत्त, नाटकातून नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्रमाणपत्रं भिंतीवर लॅमिनेट करून, आणि पाहुणा चपला काढतो न काढतो तोच डोळे त्या भिंतीकडे. सून चहा घेऊन आली तरी ताईंना तो ‘प्रवेश’ वाटतो. “डावीकडून ये ना माय, माझा चेहरा झाकतेस!”

अभिजात नाटकाचा त्यांना आदर आहे, पण भीती नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, वल्कलांच्या नावाखाली गोणपाट नेसून उभं राहिलेल्या बाईला कोणाची भीती वाटणार? चौथ्या अंकात, सासरी निघताना, घामानं काजळ गालावर उतरलं. परीक्षकांनी लिहिलं, ‘करुणरसाचा उत्कृष्ट परिपोष’. पुढे अंगठी हरवायच्या प्रवेशात अंगठी बोटातून निघेचना. दुष्यंत दरबारात “कोणती अंगठी?” म्हणतोय आणि ती पहिल्या तीन रांगांना ढळढळीत दिसतेय. ताईंनी हात पदराखाली घेतला नि विरह चालू ठेवला.

एका परीक्षकानं मात्र शेरा मारला : ‘उच्चारांत वऱ्हाडी डोकावते.’ हा शेरा ताईंनी लॅमिनेट केलेला नाही, पाठ केला आहे. विषय निघाला की त्या चष्मा काढतात.

“मले सांगा, मालविका कुठली? विदर्भाची. दमयंती? विदर्भाची. रुक्मिणी तर इथली, कौंडिण्यपूरची. भवभूती स्वतः विदर्भातला. मंग ह्या साऱ्या बाया सदाशिव पेठेतलं बोलत होत्या काय?”

आणि मग हुकमाचा पत्ता. कालिदासाच्या मूळ नाटकात राजा संस्कृत बोलतो. शकुंतला बोलते प्राकृत. तिच्या सख्याही प्राकृतच. म्हणजे शुद्ध बोलायची सक्ती फक्त दुष्यंतावर, आणि विसरला कोण? तोच. हा युक्तिवाद विद्यापीठात टिकेल की नाही माहीत नाही, पण ताईंच्या बैठकीत अजून कोणी खोडलेला नाही.

गाडीशी त्यांची जुनी चुरस आहे. 1994 साली तिचं वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं, तेव्हा ताई म्हणाल्या, “तिले नवं इंजिन लागलं, मले नाही.” आता गाडी कित्येक वर्षं बंद आहे, रुळांवर गवत आहे, ताई चालू आहेत.

यंदा गल्लीतल्या मंडळाच्या प्रयोगात त्यांनी कण्वाची भूमिका मागून घेतली. दाढी स्वतः विणली. कोणी कुरकुर केली तर उत्तर तयार होतं : किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं, तेव्हापासून भाऊराव कोल्हटकर शकुंतला झाले, बालगंधर्व झाले, आम्ही बायांनी कधी तक्रार केली? आता एका बाईच्या दाढीनं रंगभूमी बाटते काय?

प्रयोगाला तिकीट नाही, जरूर या. फक्त पुढच्या रांगेत बसून मोबाइल पाहू नका. ताई कण्व असल्या तरी दुर्वासाचा शाप त्यांना तोंडपाठ आहे, आणि तो त्या शुद्ध वऱ्हाडीत देतात.