यादीत ‘संत तुकाराम’, टीव्हीवर ‘बनवाबनवी’

मराठी माणसाला पगार विचारला तर तो विषय बदलतो आणि आवडता सिनेमा विचारला तर खोटं बोलतो. म्हणजे पाप लागेल असलं खोटं नव्हे. लग्नाच्या बायोडेटात ‘छंद : वाचन, ट्रेकिंग’ असं लिहितात ना, तितपतच. आवडत्या दहा सिनेमांची यादी ही मुळात सिनेमांची यादी नसतेच. तो बायोडेटाच असतो, फक्त उंची आणि गोत्र वगळून. त्यात एक कृष्णधवल सिनेमा लागतो, संस्कार दिसावेत म्हणून. एक परदेशी लागतो, वाचन दिसावं म्हणून. एक बर्लिनला टाळ्या मिळवलेला लागतो. आणि दहाव्या नंबरावर एखादा विनोदी लागतो, आपण माणसांत आहोत हे कळावं म्हणून.

आमच्या सोसायटीत गणपतीच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ सिनेमाची असते. पार्किंगमध्ये पांढरा पडदा, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलेली वायर, मंडपवाल्याच्या खुर्च्या आणि वाटली डाळ. कुठला सिनेमा लावायचा हे आजवर ज्याच्याकडे पेन ड्राइव्ह तो ठरवायचा. यंदा सेक्रेटरींना लोकशाहीची लहर आली. त्यांनी घरटी एक फॉर्म वाटला. आवडत्या दहा मराठी सिनेमांची नावं क्रमाने लिहायची. पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. सिनेमा असा चारचौघांत दाखवायला कुणाची परवानगी लागते का, असं सी विंगमधल्या एका नवख्या भाडेकरूने विचारलं. त्याला चहा देण्यात आला.

रविवारी सकाळी फॉर्म गोळा करायला क्लब हाउसमध्ये बैठक भरली. बी विंगच्या निवृत्त काकांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, “पहिला नंबर ‘संत तुकाराम’. चर्चाच नको.” १९३६, प्रभात, दामले-फत्तेलाल, विष्णुपंत पागनीस, १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरव, हे सगळं त्यांनी एका दमात म्हटलं. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, आपल्या पुण्यात चित्रीकरण झालं, हे तर अशा सुरात की जागेचा भाडेपट्टा त्यांच्याच नावावर असावा. ‘संत तुकाराम’ थोर सिनेमा आहे यात वादच नाही. पण यादीत त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याच्या विरोधात कुणी बोलू शकत नाही. तुकोबांना दुसरा नंबर द्या, असं म्हणायची कुणाची छाती आहे? काका, शेवटचा कधी पाहिलात, असं कुणी तरी विचारलं. काका म्हणाले, “दूरदर्शनवर लागला होता. आषाढीला. पाहुणे आले होते तेव्हा.”

ए विंगचे आजोबा मात्र बधले नाहीत. त्यांचा पहिला नंबर ‘सांगत्ये ऐका’. १९५९, अनंत माने, आणि विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे. “एकशे एकतीस आठवडे म्हणजे अडीच वर्षं,” आजोबा म्हणाले. “तेवढ्यात मूल जन्माला येऊन बोलायला लागतं!” अभंग मोठा की लावणी, असा तो वाद झाला आणि सिनेमा बाजूला राहिला. आजोबांनी तो पाहिला होता याबद्दल शंका नव्हती. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, “किती वेळा ते विचारा.” आजोबांनी विषय बदलला. पगार विचारल्यावर बदलतात तसाच.

मग पुरस्कारवाले. चौथ्या मजल्यावरच्या तरुणाच्या फॉर्मवर ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ अशी सरळ रांग होती. ही आवड नव्हे, ही दिल्लीची निकालपत्रिका. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिलावहिला मान आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाला आणि त्यानंतर तो मराठीत परत यायला ‘श्वास’पर्यंत पन्नास वर्षं गेली. हे तरुणाला तोंडपाठ होतं. ‘कासव’ कसा वाटला? “बघायचाय.” ‘श्वास’? “शाळेने दाखवला होता. मला झोप लागली.” ‘श्वास’ ऑस्करला निघाला तेव्हा प्रचारासाठी लोकांनी पैसे गोळा केले होते, अशी आठवण निघाली. खजिनदारांनी मान वर केली. “सिनेमाला वर्गणी देता,” ते म्हणाले, “आणि मेंटेनन्स तीन तिमाह्या बाकी.”

‘कोर्ट’वर खरी जुंपली. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा तरुणाने फार चांगला समजावून सांगितला. कॅमेरा हलत नाही, तारखा पडत राहतात, न्यायाधीश कागद चाळतात, कुणालाच घाई नसते, हीच त्याची ताकद. डी विंगचे एक गृहस्थ शांतपणे ऐकत होते. त्यांची गावाकडच्या जमिनीची केस भावकीशी चालू आहे आणि ती त्यांना वडिलांकडून वारसाने मिळाली आहे. ते म्हणाले, “हा सिनेमा मी दर तारखेला बघतो. अजून इंटर्व्हल झालेला नाही.” तरुणाच्या दृष्टीने ही टिंगल होती. माझ्या मते त्या सिनेमाची इतकी नेमकी पसंती कुठल्या समीक्षकानेही दिली नसेल.

आयटीतल्या मंडळींचा गट ‘सैराट’चा. आता नागराज मंजुळ्यांच्या सिनेमाबद्दल बोलायचं तर शेवटच्या काही मिनिटांतल्या त्या शांततेबद्दल बोलावं, आर्चीच्या बुलेटबद्दल बोलावं, जातीबद्दल तर बोलावंच. पण जातीचा विषय क्लब हाउसमध्ये कुणालाच नको होता. म्हणून सगळे कोटींबद्दल बोलले. शंभर कोटींचा टप्पा, पहिला आठवडा, परदेशातलं कलेक्शन. निर्मात्याच्या खात्यात जमा झालेल्या रकमेने आपली छाती फुगवून घेणारा आणि दर पाच तारखेला स्वतःच्या हप्त्याने ती रिकामी करणारा असा हा एक नवाच रसिक आहे. पूर्वी लोक सिनेमाची गाणी पाठ करत. हे ताळेबंद करतात.

यानंतर नेहमीप्रमाणे ढापूगिरीचा मुद्दा निघाला. आपल्या लोकांत सिनेमाचे दोनच प्रकार आहेत. आपल्याला आवडतो तो ‘प्रेरित’ आणि शेजाऱ्याला आवडतो तो ‘ढापलेला’. ‘अशी ही बनवाबनवी’ हा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून, असं एकाने फेकलं. दुसऱ्याने ‘पिंजरा’चं मूळ जर्मन ‘ब्लू एंजल’मध्ये काढून दाखवलं. तिसऱ्याने ‘धूमधडाका’ तमिळमधून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत कसा आला याचा प्रवासखर्चासकट हिशेब मांडला. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’मधून आला हे कळल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका शाळकरी मुलाचं तोंड उतरलं. आपला बाहुला परदेशी निघाला! बाहुला रामदास पाध्यांनी आपल्याकडेच घडवला, असं सांगून त्याला गप्प करावं लागलं. वीस मिनिटांत एकही सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही. तुकोबा तेवढे वाचले.

बी विंगच्या काकांना चढायला एवढं पुरलं. “आपल्याकडे असल्या याद्या म्हणजे पोरखेळ,” ते म्हणाले. “खरी यादी लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाची. १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरचे समीक्षक मत देतात.” तिथे ‘सिटिझन केन’ १९६२ पासून पाच वेळा पहिला आला, २०१२ साली ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली खेचलं आणि २०२२ साली पहिला आला ‘झान डिलमान’, शांताल आकरमान यांचा, १९७५ सालचा, तीन तास एकवीस मिनिटांचा. काय आहे त्यात, असं तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. काकांना सांगावंच लागलं. एक विधवा बाई आहे. ती तीन दिवस घरकाम करते. स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरूण घालते. बटाटे सोलते, तेही पूर्ण वेळ घेऊन.

“आणि त्याला जगात पहिला नंबर?”

“हो.”

“आम्ही वीस वर्षं सोलतोय,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनी कधी दहावासुद्धा दिला नाही.”

‘ह्यांनी’ खिडकीबाहेर बघितलं. बैठकीतलं सर्वांत मर्मग्राही चित्रपटपरीक्षण ते एवढंच. बाईंना दिग्दर्शकाच्या मनातलं सगळं कळलं होतं, सिनेमा न बघता.

पण फॉर्मवर जे होतं त्यापेक्षा जे नव्हतं ते मला जास्त आवडलं. दादा कोंडक्यांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नोंद, ‘सोंगाड्या’पासून थिएटरवर लोटलेली गर्दी, आणि आमच्या अख्ख्या सोसायटीत ते पाहिलेला एकही माणूस नाही! मग त्या रांगांत उभं होतं तरी कोण? बहुतेक बाहेरगावचे लोक यायचे. ‘माहेरची साडी’चंही तेच. १९९१ साली अख्ख्या महाराष्ट्राने पदर, टॉवेल आणि रुमाल भिजवले, पण आता तो कुणी पाहिलेला नाही. नाही म्हणायला एका फॉर्मवर पहिल्याच ओळीत निळ्या शाईत, गोल आणि जुन्या वळणाच्या अक्षरात ‘माहेरची साडी’ लिहिलेलं होतं. त्यावर दोन रेघा मारलेल्या होत्या. शेजारी काळ्या जेल पेनने, सुनेच्या अक्षरात, ‘कोर्ट’.

आणि ‘बनवाबनवी’? ती बऱ्याच फॉर्मांवर होती. दहाव्या नंबरावर, आणि पुढे कंसात ‘टाइमपास’. जणू चपला बाहेर काढून आत घेतलेली. मोजणी सुरू असताना कुणाच्या तरी साडीकडे बघून कुणी तरी ‘लिंबू कलर’ एवढंच म्हणालं. झालं! त्यानंतर पाव तास मोजणी बंद. आजोबा, आयटीवाले, पुरस्कारवाला तरुण, ज्यांचं आपसांत तासभर काही पटलं नव्हतं त्यांनी त्या सिनेमाचे संवाद एकमेकांच्या तोंडून काढून घेत पुरे केले. खजिनदारांनी थकबाकीदाराला हाक मारली तर तिकडून ‘सत्तर रुपये’चा टोला आला आणि खजिनदारसुद्धा हसले. जो सिनेमा रविवारी दुपारी टीव्हीवर मधूनच लागलेला दिसला तरी रिमोट हातातून खाली ठेवला जातो, तो दहावा. आणि जो पाहुणे आले म्हणून पाहिला, तो पहिला. आमच्या रसिकतेचे दाखवायचे दात चांगले लांबलचक आहेत.

निकाल गंमतशीर लागला. प्रत्येकाने आपल्या आवडत्याला दहा गुण दिले आणि ज्याची भीती वाटत होती त्याला यादीतूनच वगळलं. अभंगवाल्यांनी लावणी खोडली, कोटीवाल्यांनी पुरस्कार खोडले. गुण देऊन क्रम लावला की असं होतंच. ज्याच्यावर कुणाचं प्रेम नाही, पण ज्याचा कुणाला रागही नाही, तो हळूच वर येतो. पहिला आला ‘मुंबई-पुणे-मुंबई’. एक मुलगा, एक मुलगी, दिवसभर पुण्यात फिरतात आणि बोलतात. सिनेमा गोडच आहे. पण तो एकाचाही पहिला नव्हता. जवळजवळ सगळ्यांचा पाचवा होता. आणि ज्यांनी तो पाचवा लिहिला होता त्यांनाच निकालाचा सर्वांत जास्त संताप आला. फेरमोजणीची मागणी झाली. फेरमोजणीतही तोच आला.

एवढं भांडण झाल्यावर मला एक साधा प्रश्न पडला. यातल्या किती सिनेमांना ही मंडळी लागले तेव्हा तिकीट काढून गेली होती? ‘शॉशँक रिडेम्प्शन’ आज आयएमडीबीच्या यादीत वर्षानुवर्षं पहिला आहे. १९९४ साली तो थिएटरात आपटला होता. तेव्हा हे सगळे चाहते कुठे होते कोण जाणे. आपल्याकडे २०१५ साली, ‘कोर्ट’ लागला त्याच एप्रिलमध्ये, मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम मिळावा म्हणून सरकारला फर्मान काढावं लागलं. त्यावरही आम्ही कडाडून भांडलो, दोन्ही बाजूंनी, आणि मग घरी जेवायला गेलो. सरकार फार तर खेळ लावायला सांगेल. खुर्चीवर जाऊन बसा, असा अध्यादेश निघत नाही. नवा मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो, सोमवारी त्याचे खेळ सकाळी साडेनऊला जातात, गुरुवारी उतरतो. आणि पंधरा वर्षांनी तो आमच्या यादीत तिसरा असतो, शेजारी ‘अंडररेटेड’ असं लिहून. अरे, अंडररेट केला कुणी? त्या सोमवारी तू कुठे होतास?

हा लेख वाचून अनेकांना आपापली यादी पाठवण्याची अनिवार इच्छा होईल, याची कल्पना आहे. तुकोबा पहिले का नाहीत, कोंडके कुठे गेले, ‘सामना’चं नाव कसं नाही, ‘सिंहासन’ विसरलात का, वगैरे. याद्या जरूर पाठवाव्यात. मात्र प्रत्येक सिनेमासोबत थिएटरचं फाडलेलं तिकीट जोडावं. मोबाइलवरच्या बुकिंगची प्रिंट चालेल. पासावर, फेस्टिव्हलला किंवा पेन ड्राइव्हवर पाहिलेले सिनेमे बाद धरले जातील. वडिलांनी काढलेलं तिकीट ग्राह्य नाही. झेरॉक्स चालणार नाही.